क्रूसाचं रेलिंग

रेलिंगचा रंग सुटतोय हे सगळ्यांत आधी ब्रेंडाला दिसलं, आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला.

साडेसहाला क्रूसापाशी रोजरी, जपमाळेची प्रार्थना, सुरू व्हायची होती. तुस्कानोंच्या आळीत मे महिन्यातला हा सण ते कधी चुकवत नसत. चण्यांचं पातेलं उकडून ओसरीवर आलं होतं. सतरंज्या अंथरल्या होत्या. सकाळी पोरींनी झेंडूच्या माळा चिकटपट्टीने रेलिंगला लावल्या होत्या, त्यातली एक वाकडी दिसली म्हणून ब्रेंडाने पट्टी ओढली. पट्टीबरोबर रंगही आला. थोडाथोडका नाही, चांगला हातभर. दुधावरची साय उचलावी तसा पांढरा पापुद्रा तिच्या हातात लोंबायला लागला आणि खालचं जस्त चकाकलं.

खात्री करून घ्यावी म्हणून तिने शेजारच्या गजावर नख लावलं. तिथलाही आला. मग जरा पलीकडच्या गजाचा. एवढी खात्री करून घ्यायची काही गरज नव्हती, पण हात थांबेना.

रंगाचं काम मर्लिनकडे होतं.

मर्लिन तिची धाकटी जाऊ. ऑस्करची बायको. नायगावच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायची, रसायनशास्त्र शिकलेली होती, कॉलेजातली नोकरी सोडून वर्षभरापूर्वी गोखिवऱ्याला, लोखंडावर जस्त चढवायच्या घरच्या कारखान्यात यायला लागली होती. तेव्हापासून सासऱ्यांच्या तोंडी दुसरं नाव नाही. टाकीतलं पाणी बदलायचंय? मर्लिनला विचारा. कामगारांना हातमोजे कुठले आणायचे? मर्लिनला विचारा. मागच्या रविवारी बांगड्याच्या कालवणात आंबट कमी पडलं, तेव्हासुद्धा म्हातारा म्हणाला, "मर्लिनला विचारून बघ गो, ती काय घालते." ब्रेंडाने सव्वीस वर्षं या घरात कालवण केलं होतं. नायगावची बाई आठवड्यातून चार दिवस हॉटेलातून मागवते, हे तिला ठाऊक होतं. पण तिने ताट उचललं होतं आणि त्या रात्री भांडी जरा जोरात घासली होती.

आणि आज तर सकाळीच म्हाताऱ्या बॅप्टिस्टने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "रोजरी झाली की आळीसमोर सांगणार, कारखाना यापुढे कोण बघणार ते. माझं वय झालं आता."

ब्रेंडाने पापुद्रा हातात धरला आणि ओसरीकडे तोंड करून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "बाबा, हा रंग कोणी दिला होता हो?"

*

थॉमस मागच्या अंगणात खुर्च्या पुसत होता. बायकोचा आवाज ऐकल्याबरोबर काय झालंय ते त्याला कळलं. इतर कुणाला कळायच्या तीन दिवस आधीपासूनच त्याला ते माहीत होतं.

बॅप्टिस्ट तुस्कानोचा तो थोरला मुलगा. एकावन्न वर्षांचा. वितळलेल्या जस्ताच्या टाकीशेजारी त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लोखंड आधी जस्तात बुडवायचं, निवलं की शेवटच्या पाण्यात. या शेवटच्या पाण्यात क्रोम असतं. त्याने जस्तावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर बसतो आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत जस्ताला पांढरा गंज धरत नाही. कागदावर त्याला पॅसिव्हेशन म्हणतात. कारखान्यात सगळे नुसतं 'शेवटचं पाणी' म्हणत.

आणि शेवटच्या पाण्यात माल किती वेळ ठेवायचा ते तुस्कानोंकडे घड्याळावर ठरत नसे. चार नमो मरिये, म्हणजे रोजरीतली ती प्रार्थना चारदा म्हणून होईल तेवढा वेळ. बॅप्टिस्टने ते माप घातलं, थॉमस त्यावरच शिकला. फुलपाड्याचा सदानंद हा गणपतीवाला माणूस, पण साखळी खाली सोडली की त्याच्याही तोंडातून 'नमो मरिये कृपापूर्णे' सुरू व्हायचं, आणि चौथ्याला साखळी वर यायची. मर्लिनने आल्या आल्या पहिल्याच महिन्यात भिंतीवर सेकंद दाखवणारं घड्याळ लावलं. बॅप्टिस्ट म्हणाला, "हुशार आहे पोरगी." सव्वीस वर्षांत त्याने थॉमसला हुशार म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. थॉमसला तर मुळीच आठवत नव्हतं, आणि तो रोज आठवून बघत असे.

पण रेलिंगचं दुखणं निराळं होतं. हा क्रूस त्याच्या आईच्या देवघरासारखा होता. मेरीबाई जिवंत होती तोवर रोज संध्याकाळी इथे मेणबत्ती लावायची आणि म्हणायची, याला एक पांढरं रेलिंग पाहिजे. बापाने या वर्षी ते मनावर घेतलं. थॉमसने गज स्वतः निवडले, स्वतः जोडून घेतले. आणि जस्त चढवायच्या दिवशी रेलिंगवर एक चिठ्ठी बांधलेली दिसली. मर्लिनचं अक्षर. 'रंग द्यायचा आहे. शेवटच्या पाण्यात घालू नये. बाबांशी बोलले आहे.'

चिठ्ठीत चूक काही नव्हती. शेवटच्या पाण्यातून काढलेल्या जस्तावर रंग धरत नाही, हे थॉमसला मर्लिनच्या जन्माआधी नाही तरी तिच्या लग्नाआधीपासून नक्की माहीत होतं. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तेच तर! त्याच्या आईचा क्रूस, त्याचे गज, त्याची टाकी, आणि त्यालाच चिठ्ठी. वर 'बाबांशी बोलले आहे'.

त्याने सदानंदला चहाला पाठवलं आणि रेलिंग शेवटच्या पाण्यात सोडलं.

मनाला त्याने सांगितलं की समुद्राची हवा आहे, आईच्या क्रूसाला गंज लागू नये. मनाने ते अर्धवटच ऐकलं. पण एकदा हात लागल्यावर वाईट काम करणं त्याच्याच्याने होईना. जस्त त्याने पुरतं निवू दिलं. साध्या पाण्याचे तीन हात दिले. शेवटच्या पाण्याचा आंबटपणा कागदाची पट्टी बुडवून दोनदा पाहिला. रेलिंग खाली असताना साखळी हलकेच हलवत राहिला, कोपऱ्यात बुडबुडा राहू नये म्हणून. चार नमो मरिये, सावकाश, एक शब्द न गाळता. धाकट्या भावजयीच्या नाकावर टिच्चून केलेलं काम इतकं निगुतीने आजवर कुणी केलं नसेल.

आता तो हात पुसत पुढे आला. अंगणात बॅप्टिस्ट काठी टेकून रेलिंगपाशी उभा होता. नायगावची गाडी नुकतीच दारात थांबली होती.

*

मर्लिन गाडीतून उतरली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. ब्रेंडाच्या हातात तो पापुद्रा अजून होता. तो तिने खाली ठेवला नव्हता.

"ये बाय, ये," बॅप्टिस्ट म्हणाला. "बघ काय झालंय. मेरीचं रेलिंग हे."

"ऊन फार आहे ना या वर्षी," ऑस्कर घाईघाईने म्हणाला. ऑस्करला दोन्ही बाजूंना गोड बोलायची सवय. कारखान्याच्या ऑर्डरी त्यामुळेच मिळत. "उन्हाने होतं असं. भाऊ, काय?"

थॉमस हात पुसतच राहिला.

"ऊन सगळ्यांनाच आहे," ब्रेंडा म्हणाली. "आमच्या खिडक्यांचा रंग नाही सुटला. आमच्या खिडक्या शिकलेल्या माणसाने नव्हत्या रंगवल्या."

"वहिनी, बघू दे मला आधी."

"बघ की. आम्ही कोण तुला नको म्हणणार? इथे सगळं तूच बघतेस."

मर्लिन खाली बसली. तिने गजावरून बोट फिरवलं आणि तिला संशय आला. पर्समध्ये तपासणीची छोटी बाटली नेहमी असायची. कारखान्यात दिवसातून वीसदा लागे. शिशाच्या क्षाराचं पाणी. नुसत्या जस्तावर त्याचा थेंब टाकला की लगेच काळा डाग पडतो. वर शेवटच्या पाण्याचा थर असला तर थेंब तसाच स्वच्छ राहतो. थर जितका चांगला तितका जास्त वेळ. कोपऱ्यातला एक उघडा पडलेला भाग तिने रुमालाने पुसला आणि थेंब टाकला.

थेंब स्वच्छ राहिला.

मोबाइलवर सेकंद लावायचे ती विसरूनच गेली. नकळत ओठांत तेच आलं, जे ती भिंतीवर घड्याळ लावून बंद करायला निघाली होती. पहिली नमो मरिये संपली. दुसरी. तिसरी. थेंब तसाच. तिने मान वर केली, तर थॉमस तिच्या डोक्यावर उभा. थेंबाकडे बघत होता. त्याचेही ओठ हलत होते.

दोघांची नजर भेटली. विचारायचं काही राहिलं नाही.

मर्लिनला आधी राग आला, आणि राग ओसरायच्या आत दुसरंच काही वर आलं. चौथी संपली. पाचवी. तिच्या हातून, तिच्या घड्याळाने, तिच्या वहीतल्या आकड्यांनी केलेला सगळ्यात चांगला माल दुसऱ्या नमो मरियेलाच काळा पडत होता. कामगार तिला 'मॅडम' म्हणत आणि काही अडलं की थॉमसकडे जात. थॉमस टाकीत डोकावून नुसत्या वासाने सांगायचा, थोडं आम्ल कमी आहे. ती मोजून बघायची, तर तेवढंच कमी असायचं. वर्षभर तिने याचं दुखणं कुणाला सांगितलं नव्हतं. ऑस्करलाही नाही. सगळ्यांना वाटे की थॉमस भाऊ तिच्यावर जळतात. ती त्यांच्यावर किती जळते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि आता तिच्या मनात आलं, माणूस मुठीत सापडलाय. सांगून टाकलं तर एका दिवसात तमाशा संपेल. नाही सांगितलं, तर हा आयुष्यभर आपला देणेकरी.

तिने रुमालाने थेंब पुसून टाकला.

"काळा पडला लगेच," ती उठत म्हणाली. "रेलिंगमध्ये काही दोष नाही, बाबा. भाऊंनी मी सांगितलं तसंच केलंय. चूक माझी. रंगाआधी जस्त घासून, धुऊन घ्यायला हवं होतं. घाईत राहून गेलं."

ब्रेंडाचा चेहरा पडला. भांडणाला समोरचं माणूस लागतं.

बॅप्टिस्टने मात्र मान डोलावली. आळीतली माणसं जमायला लागली होती. त्यांच्याकडे एकवार बघून तो मोठ्याने म्हणाला, "बघितलंस, थॉमस? चूक झाली तर अशी कबूल करायची असते. हिंमत लागते त्याला. हे शिक जरा हिच्याकडून."

*

थॉमसने वर्षभर बरंच सोसलं होतं. घड्याळ सोसलं, वही सोसली, बांगड्याचं कालवण सोसलं. रंग सुटल्यावर मर्लिनची फजिती होईल, हा त्याचा हिशेब होता. फजिती व्हायची सोडून तिचं कौतुक झालं. त्याच्याच पापाचं कौतुक तिच्या पदरात पडलं. आणि ती बाई डोळे खाली घालून साध्वीसारखी उभी.

त्याला पश्चात्ताप झाला म्हणून तो बोलला, असं पुढे आळीत सांगितलं गेलं. तसं काही नव्हतं. एवढा मोठेपणा तिला फुकट मिळावा, हे त्याला बघवेना.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला.

"थॉमस!"

"खोटं बोलतेय, बाबा. रेलिंग मी शेवटच्या पाण्यात घातलं. तिची चिठ्ठी होती, घालू नका म्हणून. वाचून घातलं. रंग सुटणार हे मला माहीत होतं."

ऑस्करने कपाळावर हात मारला. ब्रेंडा पुढे आली. "काय बोलताय तुम्ही? उन्हात काम करून डोकं फिरलंय ह्यांचं, बाबा."

"गप बस गो. डोकं जाग्यावर आहे." थॉमस बापाकडे वळला. "सव्वीस वर्षं मी तिथे उभा आहे. मला चिठ्ठी? आईच्या क्रूसाला मला चिठ्ठी? मला जळायला होतं, बाबा. तुम्ही तिचं नाव घेता ना, तेव्हा मला इथे जळतं. झालं? ऐकलं सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. सतरंजीवरच्या बायकांनी हातातल्या जपमाळांकडे बघायला सुरुवात केली.

बॅप्टिस्टने मर्लिनकडे वळून विचारलं, "मग थेंब काळा पडला म्हणालीस ते?"

"नाही पडला, बाबा."

"किती वेळ नाही पडला?"

"पाच झाल्या. मग मीच पुसला."

"पाच काय?"

"नमो मरिये."

म्हातारा हसला. ते हसणं बरं नव्हतं. "पाच कशा होतील? जुन्या पिवळ्या पाण्यातसुद्धा माझा माल अडीचच्या वर गेला नाही. आणि ते पाणी किती जहाल! नाकातून रक्त यायचं आमच्या. हे तुझं नवं पाणी, सरबतासारखं. दोनला काळा पडला तर नशीब. आण ती बाटली."

"बाबा, लोक आलेत," ऑस्कर म्हणाला. "रोजरी झाल्यावर बघू."

"आण म्हटलं ना."

तो रेलिंगला धरून हळूहळू गुडघ्यांवर टेकला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ते गुडघे चर्चमध्ये मिस्सालाही टेकायचे बंद झाले होते. पुसलेल्या जागी त्याने थेंब टाकला. मग तो वाकला, थेंबापाशी तोंड नेलं आणि सवयीने पुटपुटला, "नमो मरिये, कृपापूर्णे..."

आता आळीतल्या माणसांना काय कळावं? घरातलं भांडण चालू होतं, ते संपलेलं दिसलं. घरचा वडीलधारा माणूस क्रूसासमोर गुडघे टेकून नमो मरिये म्हणायला लागला. सगळी सतरंजी गुडघ्यांवर आली आणि चाळीस माणसांनी एका सुरात उत्तर दिलं, "पवित्र मरिये, देवाच्या माते..."

"अहो, आधी 'हे आमच्या बापा' राहिलं," ब्रेंडा कुजबुजली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बॅप्टिस्ट थांबू शकत नव्हता. थांबला असता तर मोजणी चुकली असती. दुसरी झाली. तिसरी सुरू झाली तेव्हा तो आणखी खाली वाकला. आळीने उत्तर दिलं. थेंब देवाच्या डोळ्यासारखा स्वच्छ. थॉमस आणि मर्लिन त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि त्या दोघांना आता एकमेकांचं भान नव्हतं. चौथी. पाचवी. बॅप्टिस्टचा आवाज बारीक होत गेला. सहावीला तर नुसते ओठ हलले, आणि आळी त्यावरही उत्तर देत राहिली.

सातवीच्या मध्यावर थेंबाच्या कडेला तपकिरी रेघ उमटली.

बॅप्टिस्ट उठला नाही. त्याने ती रेघ अंगठ्याने पुसली. मग मान वर करून थोरल्या मुलाकडे पाहिलं.

थॉमसला वाटलं होतं, शिव्या मिळतील. किंवा, मनाच्या अगदी तळाशी वाटलं होतं, आज तरी एक शाबासकी. त्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. ओठ आवळलेले, डोळे बारीक, आणि गालाची एक शीर उडत होती. हा चेहरा थॉमसला चांगला ओळखीचा होता. वर्षभर रोज सकाळी दाढी करताना तो हाच चेहरा आरशात बघत आला होता.

रोजरी पुढे ब्रेंडाने चालवली, रीतीप्रमाणे. शेवटचं गीत झालं. बॅप्टिस्टला धरून खुर्चीत बसवलं होतं. त्याने काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि थॉमसकडे न बघता सांगितलं, "कारखाना यापुढे मर्लिन बघेल. सह्या तिच्या, माणसं तिची. थॉमस टाकीवर आहे तसा राहील. रेलिंगला आता रंग नको. आहे तसंच राहू दे."

टाळ्या वाजल्या, थोड्या बिचकत. मर्लिन खाली बघत होती. आज सकाळी हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते का मिळालं हे तिला त्या सातव्या नमो मरियेपासून कळलं होतं. ज्याच्याकडून कधी हरण्याची भीती नाही, त्याचंच कौतुक म्हातारा मोकळ्या मनाने करत होता.

ब्रेंडा रडवेली होऊन नवऱ्यापाशी आली. "झालं समाधान? सगळं घालवलंत. स्वतःच्या तोंडाने घालवलंत!" मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ती घाबरली. "अहो, हसताय काय असे?"

थॉमसने डोळे पुसले. क्रूसापाशी पोरं चण्यांसाठी ढकलाढकली करत होती.

"बाबा जळतात गो माझ्यावर," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं. मला आज कळलं."